चिनी अक्षरें आणि घरचा संगणक



आज मी आपणांस एका जुन्या यंत्राची हकीकत सांगणार आहें. जपानांतील निप्पोन इलेक्ट्रिक, म्हणजे एन्ईसी, या कंपनीनें १९८१ सालीं ‘पीसी-८८०१’ नांवाचा एक घरगुती संगणक बाजारांत आणला. त्या मालिकेंतील शेवटचें यंत्र बाहेर पडूनही आतां तीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. आज लहान मुलाच्या हातांत जो फोन असतो त्याच्यापुढें त्या यंत्राची शक्ति म्हणजे समईपुढें काजवा. मग अशा कालबाह्य वस्तूची कथा ऐकण्यांत अर्धा तास कां घालवावा, असा प्रश्न आपल्या मनांत येणें साहजिक आहे.

त्याचें उत्तर असें कीं, मला एका विद्यार्थ्याचें देणें फेडावयाचें आहे. माझा जन्म शिक्षकीच्या पेशांत गेला. १९८० नंतरच्या दशकांत आमच्या शाळेंत पहिला संगणक आला. त्याच्यावर हळदकुंकू वाहून झाल्यावर मुलें भोंवतीं जमलीं. कोणीं आपलें नांव इंग्रजी अक्षरांत उमटविलें, कोणीं बेरीज करून पाहिली. तेवढ्यांत मागच्या रांगेंतील एक मुलगा पुढें आला व म्हणाला, “गुरुजी, याला मराठी कां येत नाहीं?” मीं शांतपणें उत्तर दिलें, “अरे, आपली लिपि कठीण आहे. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरें. हें सारें त्या यंत्राच्या डोक्यांत कसें शिरणार?” मुलाचें समाधान झालें. माझेंही झालें. परंतु तें उत्तर चूक होतें, आणि तें चूक होतें हें मला जपानच्या या यंत्राचा इतिहास वाचल्यावर कळलें. लिपि कठीण म्हणून जर यंत्र अडत असेल, तर जगांत सर्वांत आधीं जपान्यांनीं हात टेकावयास पाहिजे होते. त्यांनीं ते टेकले नाहींत.

प्रथम त्यांच्या लिपीविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. जपानी भाषा एका वेळीं तीन लिप्यांत लिहिली जाते. त्यांपैकीं हिरागाना व काताकाना या दोन लिप्या आपल्या बाराखडीच्या जवळच्या. एक चिन्ह म्हणजे एक उच्चार. मूळ चिन्हें सेहेचाळीस. त्यांचा प्रचलित क्रम पाहून मराठी माणसास आश्चर्य वाटावें: आधीं स्वर, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा क्रम बौद्ध भिक्षूंनीं केलेल्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासांतून तिकडे रुजला. तेव्हां त्या देशाच्या मुळाक्षरांत आपलाही थोडा वांटा आहे. तिसरी लिपि मात्र निराळ्या जातीची. ती ‘कांजी’, म्हणजे चीनमधून आलेलीं अक्षरें. येथें एक अक्षर म्हणजे एक उच्चार नव्हे, एक अर्थ. पर्वताचें एक अक्षर, नदीचें दुसरें, दुःखाचें तिसरें. अशीं अक्षरें हजारों आहेत, आणि वर्तमानपत्र वाचावयाचें तर त्यांतील सुमारें दोन हजार यावीं लागतात. १९८१ सालीं, म्हणजे आपलें यंत्र निघालें त्याच वर्षीं, जपान सरकारनें नित्य वापराच्या कांजींची जी यादी प्रसिद्ध केली तींत १९४५ अक्षरें होतीं.

अशा लिपीचा त्याग करावा, हा विचार जपानांत नवा नव्हता. दुसऱ्या महायुद्धांतील पराभवानंतर १९४६ सालीं अमेरिकेहून एक शिक्षणमंडळ तेथें आलें व त्यानें शिफारस केली कीं, जपान्यांनीं आपली लिपि सोडून रोमन स्वीकारावी. त्याच वर्षीं शिगा नाओया या नामवंत साहित्यिकानें तर लिपीच काय, भाषाही सोडावी व फ्रेंच भाषा राष्ट्रभाषा करावी, असें जाहीरपणें लिहिलें. पराभूत मनाला आपल्या घरांतील प्रत्येक वस्तु ओझें वाटूं लागते, त्यांतलाच हा प्रकार. आपल्याकडेही छापखान्याच्या सोयीसाठीं अ-ची बाराखडी करावी, येथपासून देवनागरीच टाकून द्यावी येथपर्यंत सूचना झालेल्या जुन्या श्रोत्यांस आठवत असतील. जपाननें रोमन लिपि घेतली नाहीं. शाळेंत शिकवावयाच्या व सरकारी कामांत वापरावयाच्या अक्षरांची संख्या तेवढी मर्यादित केली.

पण कागदावर लिपि राखणें वेगळें आणि यंत्रांत राखणें वेगळें. सुगिमोतो क्योता या जपानी संशोधकानें १९१५ सालीं जपानी टंकयंत्र सिद्ध केलें. त्यांत कळा नव्हत्या. सुमारें २४०० खिळ्यांचा एक मोठा ताट होता, आणि टंकलेखिकेनें त्यांतून एकेक खिळा शोधून, उचलून, कागदावर ठोकावयाचा. तारा पाठवावयाच्या तर त्या काताकानांत. साहजिकच साध्या कचेरीचा पत्रव्यवहार हातानेंच चाले. अमेरिकेंतील कारकून जेथें खटाखट टंकलेखन करी, तेथें जपानी कारकून लेखणी चालवी. १९७८ सालीं तोशिबा कंपनीनें कांजी लिहिणारें पहिलें लेखनयंत्र जाहीर केलें, तेव्हां ही कोंडी फुटली खरी. परंतु तें यंत्र मेजाएवढें होतें, आणि त्याची किंमत ६३ लक्ष येन! गृहस्थानें तें दुरून पाहावें इतकेंच.

आतां एन्ईसीकडे वळूं. ही हकीकत सुरू होते ती कंपनीच्या संगणक विभागांत नव्हे, तर चिपा विकणाऱ्या विभागांत. अमेरिकेंत १९७१ सालीं मायक्रोप्रोसेसर जन्मास आला. सबंध संगणकाचा मेंदू नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर! पण तो विकत घेऊन करावयाचें काय, हें कारखान्यांतील इंजिनियरांस कळेना. त्यांस तो शिकविण्यासाठीं वातानाबे काझुया यांच्या हाताखालील मंडळींनीं १९७६ सालीं ‘टीके-८०’ नांवाचा एक संच काढला. किंमत ८८,५०० येन. हा संच म्हणजे एक उघडी पाटी, तिच्यावर जडविलेल्या चिपा, पंचवीस कळा आणि आठ अंक दाखविणारा लाल दिव्यांचा पट्टा. पडदा नाहीं, पेटी नाहीं. डाग लावून जोडणीही घेणाऱ्यानेंच करावयाची. स्मृति किती? ५१२ बाइट. एक बाइट म्हणजे इंग्रजी एक अक्षर धरलें, तर आपल्या पोस्टकार्डाची एक बाजू भरेल, इतकी.

हा संच इंजिनियरांसाठीं होता, पण दुकानांत रांग लागली ती विद्यार्थ्यांची, डॉक्टरांची, हौशी गृहस्थांची. तोक्योच्या अकिहाबारा पेठेंत, रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्या ‘रेडिओ काइकान’ या इमारतींत, कंपनीनें ‘बिट-इन’ नांवाची एक खोली उघडली. तेथें येऊन कोणींही शंका विचारावी. या खोलींतील गर्दी पाहून त्या विभागाच्या लक्षांत आलें कीं, लोकांस चिप नको आहे, संगणक हवा आहे.

१९७९ च्या सप्टेंबरांत ‘पीसी-८००१’ विक्रीस आला. किंमत १,६८,००० येन. हें मात्र पूर्ण यंत्र होतें. कीबोर्ड व मेंदू एकाच पेटींत, पडद्यासाठीं वेगळी जोडणी, आणि कार्यक्रम सांठविण्यासाठीं साधा कॅसेट टेपरेकॉर्डर. मेंदूची चिप होती झायलॉग कंपनीच्या झेड-८० या अमेरिकन चिपेबरहुकूम एन्ईसीनें बनविलेली. येथें एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. मूळ झेड-८० रचणाऱ्यांत फेदेरिको फाजीन या इटालियन गृहस्थांबरोबर शिमा मासातोशी हे जपानी इंजिनियर होते. म्हणजे विद्या जपानांतून गेली, आणि चिप होऊन परत आली. यंत्राशीं बोलावयाची भाषा ‘बेसिक’. ती अमेरिकेच्या मायक्रोसॉफ्ट कंपनीकडून घेतली होती. यंत्र इंग्रजी अक्षरें लिही व काताकानाही लिही. परंतु कांजी? एकही नाहीं. अडीच लक्षांच्या घरांत हीं यंत्रें खपलीं, पण त्यांवर जपानी माणसास स्वतःचें नांव नीट लिहितां येत नसे. काताकानांत लिहावें तर तें तारेंतल्यासारखें दिसे.

असें कां, हें समजून घेण्यासाठीं थोडें अंकगणित करूं. पडद्यावरील अक्षर म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. इंग्रजी किंवा काताकाना अक्षर आठ ठिपके रुंद व आठ ठिपके उंच अशा चौकोनांत बसतें. आठ ठिपक्यांची एक ओळ म्हणजे एक बाइट. तेव्हां एका अक्षराची रांगोळी आठ बाइटांची. अशीं २५६ चिन्हें ठेवावयाचीं तर २,०४८ बाइट पुरेत. आतां कांजी घ्या. वीस-वीस रेघांचें अक्षर आठ ठिपक्यांत काढूं गेल्यास शाईचा डाग पडल्यासारखें दिसेल. त्यास निदान सोळा बाय सोळा ठिपके हवेत. म्हणजे २५६ ठिपके, ३२ बाइट. बरें, अक्षरें किती ठेवावयाचीं? जपानी मानक संस्थेनें १९७८ सालीं संगणकासाठीं कांजींची यादी ठरविली. पहिल्या श्रेणींत नेहमींचीं २,९६५, दुसऱ्या श्रेणींत क्वचित् लागणारीं ३,३८४, एकूण ६,३४९. केवळ पहिली श्रेणी घेतली, तरी २,९६५ गुणिले ३२ बरोबर ९४,८८० बाइट. आणि झेड-८० ला एका वेळीं जास्तींत जास्त पत्ते ओळखतां येतात ६५,५३६! म्हणजे अक्षरांच्या रांगोळ्याच यंत्राच्या सबंध घरापेक्षां मोठ्या. मग लिहावयाचें कोठें आणि हिशेब करावयाचा कोठें?

या अडचणींतून मार्ग काढणारें यंत्र म्हणजे आजच्या कथेचा नायक पीसी-८८०१. किंमत २,२८,००० येन. म्हणजे तोशिबाच्या त्या लेखनयंत्राच्या सत्तावीस-अठ्ठावीसाव्या हिश्श्याची. मेंदू तोच जुना, झेड-८० च्या जातीचा, सेकंदास चाळीस लक्ष ठोके देणारा. परंतु त्याच्याभोंवतालची मांडणी निराळी होती. तिच्यांतील दोन युक्त्या सांगतों.

पहिली युक्ति दुबार शाळेची. आपल्यापैकीं पुष्कळांनीं दोन पाळ्यांची शाळा पाहिली असेल. खोली एकच, बांकें तींच. सकाळीं तेथें पांचवीचा वर्ग भरतो, दुपारीं आठवीचा. खोलीचा क्रमांक बदलत नाहीं, आंतील मुलें बदलतात. पीसी-८८०१ मध्यें असेंच होतें. मेंदूला दिसणारे पत्ते ६५,५३६ च. पण त्यांतील कांहीं पत्त्यांवर कधीं बेसिक भाषेची कायमची स्मृति हजर होई, तर कधीं कोरी स्मृति, आणि कधीं पडद्याच्या चित्राची स्मृति. चित्राची स्मृति तर तीन वर्गांची होती. पडद्यावर आडवे ६४० व उभे २०० ठिपके. त्यांचें निळें चित्र एका वर्गांत, तांबडें दुसऱ्यांत, हिरवें तिसऱ्यांत. प्रत्येक वर्ग १६,००० बाइटांचा. तीन रंगांच्या मिश्रणानें काळ्या-पांढऱ्यासह आठ रंग दिसत. मेंदूनें एक कळ फिरवावी कीं एक वर्ग बाहेर व दुसरा आंत. अशा रीतीनें घर लहान असतांही कुटुंब मोठें नांदविलें.

दुसरी युक्ति कोठाराच्या खिडकीची. कांजींच्या रांगोळ्या मेंदूच्या घरांत ठेवावयाच्याच नाहींत; त्या एका स्वतंत्र चिपांच्या कोठारांत कायमच्या कोरून ठेवावयाच्या. मेंदूला ‘पर्वत’ हें अक्षर हवें असेल, तर त्यानें कोठाराच्या खिडकींत क्रमांकाची चिठ्ठी द्यावी. आंतून दोन बाइट मिळतात, म्हणजे अक्षराची सोळा ठिपक्यांची एक ओळ. अशा सोळा चिठ्ठ्या दिल्या कीं अक्षर पुरें झालें. तीं बत्तीस बाइट मेंदूनें एकेक करून चित्राच्या स्मृतींत मांडावयाचीं. इंग्रजी अक्षराला एक क्रमांक टाकला कीं पुढचें काम पडद्याचें यंत्र आपोआप करी. कांजी मात्र मेंदूला स्वतः काढावी लागे. म्हणून इंग्रजी मजकूर क्षणांत उमटे, तर कांजींचा मजकूर ओळीओळीनें येतांना डोळ्यांस दिसे.

आणखी एक अडचण उरली होती. २०० ठिपक्यांच्या उंचींत सोळा-सोळा ठिपक्यांच्या ओळी किती बसणार? फार तर बारा. बारा ओळींत पत्र लिहिणें म्हणजे खिडकीच्या फटींतून रस्ता पाहणें. म्हणून या यंत्रांत ४०० ठिपके उंचीचें एकरंगी चित्रही काढण्याची सोय ठेविली होती. त्यास खास पडदा लागे, पण त्यावर प्रत्येकीं चाळीस अक्षरांच्या वीस ओळी ऐसपैस मावत. अमेरिकेंतील घरगुती यंत्रांस इतक्या बारीक पडद्याची गरजच भासली नाहीं. म्हणजे ज्या लिपीस लोक अडसर म्हणत होते, तिनेंच जपानी यंत्रांचा पडदा सुधारला, स्मृति वाढविली आणि चिपांचा भाव उतरविण्यास गिऱ्हाईक मिळवून दिलें. हें मला या सर्व हकीकतींत फार महत्त्वाचें वाटतें.

आतां कोणी विचारील, पडद्यावर अक्षर आलें, पण कीबोर्डावर तीन हजार कळा आणावयाच्या कोठून? त्याचें उत्तर असें कीं, उच्चार लिहावयाचा आणि यंत्रानें कांजी सुचवावयाची. हें ऐकावयास सोपें, करावयास कठीण. कारण जपानींत एकाच उच्चाराचे शब्द फार. ‘कोशो’ या उच्चाराचा अर्थ वाटाघाट होतो, उदात्त होतो, शाळेचें बोधचिन्ह होतो, मौखिक परंपराही होतो. प्रत्येकाची कांजी निराळी. या यंत्रांची परीक्षा घेण्यासाठीं एक वाक्य प्रसिद्ध आहे: ‘किशा नो किशा वा किशा दे किशा शिता’. अर्थ, आपल्या कंपनीचा बातमीदार आगगाडीनें कचेरींत परतला. चार वेळां ‘किशा’, आणि चारही निरनिराळे! यंत्रानें शब्दकोश चाळून, व्याकरण पाहून, योग्य ती जोडी पुढें करावी व माणसानें कळ दाबून संमति द्यावी. या पद्धतीवर पुढें पुष्कळ काम झालें. तोकुशिमा या लहान शहरांतील जस्टसिस्टम कंपनीचा १९८५ सालचा ‘इचितारो’ हा लेखनाचा कार्यक्रम जपानी कचेऱ्यांतून सर्वत्र झाला.

सत्य सांगावयाचें तर, पीसी-८८०१ च्या पहिल्या आवृत्तींत कांजींचें कोठार वेगळे पैसे देऊन घ्यावें लागे. १९८३ च्या ‘मार्क दोन’ आवृत्तीपासून पहिल्या श्रेणीची कांजी यंत्रांतच येऊं लागली. आणि बापानें पत्रव्यवहारासाठीं घेतलेल्या यंत्रावर मुलगा काय करी, हें सांगावयास नकोच. तो खेळ खेळे. १९८५ च्या जानेवारींत ‘एस्आर’ ही आवृत्ति निघाली. तिच्यांत यामाहा कंपनीची संगीताची चिप होती. ती तीन सूर एका रीतीनें व तीन दुसऱ्या रीतीनें, असे सहा सूर एकदम काढी. रंगही ५१२ छटांतून निवडतां येऊं लागले. ‘ब्लॅक ओनिक्स’, ‘हायड्राइड’, ‘थेक्सडर’, ‘ईस’ असे कितीएक खेळ प्रथम याच यंत्रावर अवतरले. कोशिरो युझो या तरुण संगीतकारानें आपलीं सुरुवातीचीं गाजलेलीं गीतें या यंत्रावरच बांधलीं. मासिकांतून पानेंच्या पानें कार्यक्रम छापून येत, आणि मुलें रात्र रात्र बसून ते अक्षर न अक्षर टंकित करीत. एक स्वल्पविराम चुकला कीं सर्व श्रम वायां. मग पुन्हां पहिल्या ओळीपासून ताडून पाहावयाचें. शुद्धलेखनाची इतकी कडक तालीम मीं माझ्या वर्गांत कधीं दिली नसेल.

एक विशेष सांगतों. डिस्क वाचणाऱ्या भागास या यंत्रांत स्वतःचा वेगळा झेड-८० मेंदू होता. मुख्य मेंदूनें ‘अमुक पान आण’ म्हणावें, दुसऱ्यानें तें आणावें. चतुर कार्यक्रमकारांच्या ध्यानांत आलें कीं, डिस्क फिरत नसते तेव्हां हा दुसरा गडी रिकामाच असतो. त्यांनीं त्यालाही खेळाच्या हिशेबांस जुंपलें! गरीब घरांतील माणसें हातीं असलेल्या वस्तूंचा कसा उपयोग करतात, तसा हा प्रकार.

या यशाचा पुढचा अध्याय मात्र मिश्र आहे. १९८२ च्या ऑक्टोबरांत एन्ईसीच्या दुसऱ्या एका विभागानें ‘पीसी-९८०१’ हा कचेरीचा संगणक काढला. किंमत २,९८,००० येन. त्यांत कांजी काढण्याचें काम मेंदूकडून काढून घेऊन पडद्याच्या यंत्राकडे दिलें होतें. मेंदूनें दोन बाइटांचा क्रमांक टाकावा, कोठारांतून रांगोळी आणून मांडण्याचें काम परभारें व्हावें. त्यामुळें कांजींचा मजकूर इंग्रजीइतक्याच वेगानें उमटूं लागला. या एका सोयीवर त्या यंत्रानें दहा वर्षें जपानची बाजारपेठ आपल्या मुठींत ठेविली. सगळ्या जगांत आयबीएम पद्धतीचे स्वस्त संगणक पसरत असतां जपानांत ते शिरूं शकले नाहींत, कारण त्यांस कांजी येत नव्हती. लिपि हीच तटबंदी झाली. पण तटाच्या आंत स्पर्धा थोडी, म्हणून भाव चढे. आंत सांपडलेल्या गिऱ्हाइकास तो द्यावा लागे. त्या कंपनीला जो लाभ झाला तो सर्वांनाच झाला, असें म्हणतां येणार नाहीं.

१९९० सालीं तट ढासळला. आयबीएमच्या जपानी शाखेनें ‘डॉस-व्ही’ नांवाची व्यवस्था काढली. तोंवर मेंदू वेगवान् झाले होते, स्मृति स्वस्त झाली होती, पडद्यावर ६४० बाय ४८० ठिपके सर्वत्र मिळत होते. तेव्हां कांजींच्या रांगोळ्या कोठाराच्या चिपांत कोरण्याचें कारणच उरलें नाहीं. त्या डिस्कवरून साध्या स्मृतींत आणाव्या व मेंदूनेंच काढाव्या, हें परवडूं लागलें. कोणताही परदेशी संगणक एका डिस्कच्या बळावर जपानी लिहूं लागला. १९९२ पासून अमेरिकन यंत्रें निम्म्या भावानें येऊं लागलीं. १९९५ सालीं विंडोज-९५ आल्यावर तर यंत्र कोणाचें, हा प्रश्नच मिटला. पीसी-८८०१ मालिकेचें शेवटचें स्वतंत्र यंत्र १९८९ सालीं निघालें होतें. पीसी-९८०१ च्या घराण्याची विक्रीही २००३ सालीं थांबली.

आतां माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतों. देवनागरींत मूळ अक्षरें व चिन्हें मिळून शंभराच्या आंतच आहेत. छापखान्यांत जोडाक्षरांसह खिळ्यांचीं घरें शेंकड्यांनीं लागत, हें खरें. तरीही २,९६५ कांजींपुढें तीं किती? आणि आपलीं जोडाक्षरें नियमानें बनतात. क्, ष, मिळून क्ष, हें यंत्रास एकदां शिकविलें कीं पुरे. आपल्याच देशांत कानपूरच्या आयआयटींत या प्रश्नावर काम झालें. १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि ‘जिस्ट’ नांवाचें कार्ड तेथून बाहेर पडलें. आयबीएम पद्धतीच्या संगणकांत तें बसविलें कीं पडद्यावर देवनागरी व इतर भारतीय लिप्या उमटत. युक्ति जपान्यांचीच, अक्षरांचें कोठार वेगळ्या पाटीवर ठेवावयाचें. १९९१ सालीं भारतीय लिप्यांचा सांकेतिक क्रम राष्ट्रीय मानक म्हणून ठरला, आणि युनिकोड या जागतिक पद्धतींत देवनागरीस जो क्रम मिळाला, तो याच भारतीय मानकाच्या १९८८ सालच्या रूपावर आधारलेला आहे. आज आपण फोनावर मराठी लिहितों, तें या पायावर.

म्हणजे त्या दिवशीं मीं द्यावयाचें उत्तर असें होतें: “बाळ, याला मराठी येत नाहीं, कारण ज्यांनीं तें बनविलें त्यांस मराठी येत नव्हतें, आणि ज्यांस मराठी येतें, त्यांनीं तें अजून शिकविलेलें नाहीं.” लिपीची अडचण ही लिपीच्या अंगीं नसते, ती शिकविणाऱ्याच्या आळसांत असते. जपान्यांनीं हातांत ६५,५३६ पत्त्यांचें लहानसें घर असतां तीन हजार अक्षरांस जागा करून दिली, ती त्यांनीं अक्षरें टाकून देण्याचा सल्ला ऐकला नाहीं म्हणून.

तो मुलगा आतां पन्नाशीचा झाला असेल. कोठें आहे, काय करतो, मला ठाऊक नाहीं. हें भाषण त्याच्या कानीं पडलेंच, तर त्यानें जुन्या गुरुजींची चूक दुरुस्त करून घ्यावी, आणि आपल्या मुलांनीं असा प्रश्न विचारला, तर त्यांस गप्प करणारें उत्तर न देतां, “चला, शिकवून पाहूं,” असें म्हणावें, एवढीच माझी विनंती आहे.